तुम्ही स्वतः गाठलेला सगळ्यात जास्त वेग किती? (विमानवाल्यांची रांग वेगळी)

जुना_जालना (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आईला घेऊन शिर्डीला गेलो. गाडी मेव्हण्याची, चालवायला पण तोच. जालन्याला समृद्धीवर चढलो आणि पाच मिनिटांत त्याचा उजवा पाय जड झाला. मी शेजारी बसून काट्याकडे बघतोय. ११०, १२०, १३०. "अरे, मर्यादा १२० ची आहे" असं म्हणेपर्यंत काटा १४१ वर. "दाजी, रस्ता दीडशेसाठी बांधलाय." आता हे खोटं नाही, रस्त्याचा आराखडा ताशी १५० चाच आहे. पण आराखडा वेगळा आणि परवानगी वेगळी, हे बायकोच्या भावाला समजावण्याइतका माझा संयम उरलेला नाही. मोबाईलवर जीपीएस लावलं होतं, त्यात १३४ दिसत होते.

खरी गंमत मागच्या सीटवर. आई, वय ७४, डुलकी लागली होती. उठली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "कामून एवढी हळू चालवायलाय रे? गाडीत काही बिघाड हाय का?"

तिचं चुकलं नाही. समृद्धीवर जवळ काही नसतंच. झाड लांब, कुंपण लांब, माणूस तर दिसतच नाही. मला मात्र १९८६-८७ ची वडिलांची लुना आठवली. अंबड रोडचा उतार, मी मागे कॅरिअरला धरून. काटा कधीच बंद पडलेला, पण पन्नासच्या वर काही गेली नसणार. डोळ्यांतून पाणी, शर्टाचा फुगा, टोपी गेली ती गेलीच. आयुष्यातला सगळ्यात जोराचा प्रवास कोणता असं विचारलं तर मी अजून तोच सांगेन.

तर सांगा. आकडा, वाहन, ठिकाण. चालवत होता की बसला होता ते पण. विमानवाल्यांनी वेगळं लिहा, नाहीतर मुंबईला एकदा विमानाने गेलेला प्रत्येक जण जिंकेल.

परभणीकर_परदेशी

जगात जर्मनी, भारतात परभणी! ही म्हण माझ्यासाठीच केलेली आहे, कारण मी पोटापाण्यासाठी पहिल्या ठिकाणी आणि मन दुसऱ्या ठिकाणी.

आकडा २१२. ऑटोबान, म्युनिकच्या उत्तरेला, ऑफिसातल्या मित्राची गाडी, मी बसलेला. तिथे काही पट्ट्यांवर मर्यादाच नाही, १३० चा नुसता सल्ला असतो. सगळ्यात डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. काम झालं की उजवीकडे सरकायचं, नाही सरकलं तर मागचा दिवे मारतो. आम्ही २१२ वर असताना मागून एकाने दिवे मारले. मित्र निमूट उजवीकडे झाला. मी मनात म्हणलं, आपल्याकडे असता तर दोघांनी गाड्या थांबवून आधी एकमेकांचं गाव विचारलं असतं.

भीती वाटली का? नाही. भीती मला परभणी-गंगाखेड रस्त्यावर वाटलेली आहे. २००४, काळीपिवळी जीप, आत सतरा माणसं, मी मागच्या फळीवर उभा, एक पाय हवेत. वेग चाळीस असेल.

उमरग्याचा_पठ्ठ्या

+१ काळीपिवळी. त्या फळीवर उभं राहिलेल्या माणसाला रोलर कोस्टरचं तिकीट काढायची गरज नाही.

घाईत_बीडकर

१७१. माझी स्वतःची बाईक, सोलापूर-धुळे हायवे, पहाटे साडेपाच, रोड पूर्ण मोकळा. व्हिडिओ आहे पण टाकत नाही, घरचे इथे आहेत.

लातूरची_लेक

घरच्यांपैकी एक बोलतेय. दादा, घरी ये.

घाईत_बीडकर

😐

पूर्णा_जंक्शन

मी रेल्वेत होतो, निवृत्त होऊन आता दहा वर्षं होत आली. १९७८ ला फायरमन म्हणून लागलो तेव्हा आमचा सगळा भाग मीटरगेज. तरुण पोरांसाठी सांगतो, दोन रुळांत एक मीटर अंतर, बस्स. मनमाडला सगळ्यांनी बोजाबिस्तरा उचलून मुंबईच्या मोठ्या गाडीत बसायचं. लग्नाची वऱ्हाडं मनमाडच्या पुलावर हरवायची. काचीगुडा-मनमाड अजंता एक्सप्रेस म्हणजे आमच्या लाईनीची राणी.

आमच्या वायपी इंजिनाला ७५ च्या वर मुभा नव्हती. पण ते ७५ कसले होते ते ऐका. रात्र, पाऊस, बाजूने उघडी केबिन. समोर भट्टीची धग, पाठीवर गार वारा. बुटाखाली पत्रा थडथडतोय, अशात फावड्याने कोळसा भट्टीच्या बरोबर कोपऱ्यात पडला पाहिजे. चुकला तर वाफ पडते आणि ड्रायव्हर साहेब तुमच्या खानदानाची चौकशी करतात. वेग बघायला तेव्हा प्रत्येक इंजिनावर चालू काटा असेलच असं नव्हतं. मग घड्याळ. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्याने भागायचं. ४८ सेकंद म्हणजे ७५. ३६ म्हणजे १००. ७२ सेकंद लागले तर ५०, म्हणजे साहेब आज चिडणार.

ही सवय जात नाही. गेल्या दिवाळीत नातवाबरोबर नांदेडहून वंदे भारतने मुंबईला गेलो. डिसेंबर २०२३ ला ती जालन्यापासून सुरू झाली, ऑगस्ट २०२५ ला नांदेडपर्यंत आली. आता दगडांऐवजी विजेच्या खांबांवरचे आकडे वाचायचे. मनमाडच्या पुढे एका पट्ट्यात मी २८ सेकंद मोजले. म्हणजे १२८-१२९. नातवाच्या मोबाईलवर पण तेवढेच. हा माझा जमिनीवरचा विक्रम, आणि तो गाठताना मी उपमा खात होतो. चमच्यातला दाणा हलला नाही.

फार हुरळून जाऊ नका मात्र. नांदेड-मुंबई साधारण ६१० किलोमीटर, साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. भागून बघा, सरासरी ६५ पण भरत नाही. कमाल वेग फोटोला, सरासरी वेग प्रवाशाला.

लातूरची_लेक

काका, दंडवत. हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे.

आमच्याकडे तर त्याहून लहान होती. बार्शी लाईट. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ ची, पुढे लातूरपर्यंत आली. रुळांत जेमतेम अडीच फूट. आजोबा सांगायचे की लोक चालत्या गाडीतून उतरून हरभरा उपटायचे आणि मागच्या डब्यात चढायचे.

पूर्णा_जंक्शन

बेटा, ही गोष्ट हिंदुस्थानातल्या प्रत्येक नॅरोगेजला चिकटवलेली आहे. कुठे हरभरा, कुठे शेंगा, कुठे लघुशंका. स्वतः उतरून चढलेला माणूस मला चाळीस वर्षांत भेटला नाही, सगळ्यांचे आजोबाच उतरलेले. चढावर गाडी फार रखडायची हे मात्र खरं. आणि आता त्याच लातुरात रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे, हे आजोबांना सांगायला हवं होतं.

वाळूज_शिफ्ट_ए

जमिनीवरच ना? मग घ्या. ४३१.

२०१८ ला कंपनीने मशीन बघायला चीनला पाठवलं होतं. शांघायच्या विमानतळावरून शहराकडे मॅग्लेव्ह जाते, चुंबकावर तरंगणारी, चाकं टेकतच नाहीत. तीस किलोमीटर, आठ मिनिटांत खेळ खलास. डब्यात वर आकडा दिसत राहतो. सगळे प्रवासी मोबाईल वर धरून तयार, जणू आरती चाललीय. ४३१ वर जेमतेम मिनिटभर राहिली असेल, लगेच उतरायला लागली. मध्येच समोरून दुसरी गाडी गेली. गेली म्हणजे काय, खिडकीवर कुणी उशी आपटल्यासारखा आवाज आला, तेवढंच. आता तीही तीनशेवरच चालवतात असं ऐकलं, म्हणजे माझा आकडा आता तिकीट काढूनही मिळायचा नाही.

अवांतर: २०१० ला आपल्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या, देशभर पेपरात आलं होतं. त्यातल्या एकीत मी बसलोय. दोनशेच्या वर जाणारी गाडी. क्रांती चौक ते चिकलठाणा, जालना रोड. सर्वोच्च वेग ४८. सिग्नल लागला.

नांदेड_ते_सॅन_होजे

विमानाची रांग मी सुरू करते. ११३४.

सॅन फ्रान्सिस्कोहून दुबई मार्गे घरी येत होते. समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतात. एरवी ८८०-९०० असतो, त्या रात्री ११३४ पर्यंत गेला. शेजारच्या काकांना उठवून दाखवला. ते म्हणाले, जेवण कधी देणारेत?

हा आवाजापेक्षा जास्त वेग झाला ना? एवढ्या उंचीवर आवाजाचा वेग १०६०-७० च्या आसपास असतो म्हणे. मग धडाम आवाज का नाही झाला?

बालाघाटचा_मास्तर

कारण विमान हवेत पोहतं आणि त्या रात्री हवाच पळत होती. वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे असतात, कधी दोनशेच्या वर. तुमचं विमान त्या हवेच्या मानाने आपल्या नेहमीच्या नऊशेनेच चाललं होतं. गोदावरीला पूर आलेला असताना पोहणाऱ्याला काठावरचा माणूस म्हणतो, काय जोरात पोहतोय! पोहणारा बिचारा हात हलवतोय तेवढाच. जाताना हाच वारा तोंडावर असतो, म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो. खऱ्या अर्थाने आवाजाच्या पुढे बसून जायचं असेल तर काँकॉर्ड होतं, ताशी २१८० च्या घरात. ते २००३ ला बंद पडलं. आपण चुकलो.

धागाकर्त्याच्या आईंबद्दल. त्या बरोबरच बोलल्या. शरीराला वेग कळतच नाही, वेगातला बदल कळतो. गाडी सुटताना पाठ सीटला दबते, ब्रेक लागला की पुढे जातो, वळणावर दाराला टेकतो. एकसारख्या सरळ वेगात यातलं काहीच होत नाही. मग उरतात डोळे आणि कान. जवळची झाडं झपाझप मागे जायला हवीत, वारा कानात घुमायला हवा. लुनावर रस्ता पायाखाली दोन वीत अंतरावर होता. समृद्धीवर तो काचेच्या पलीकडे, एसीच्या पलीकडे.

आणि काट्यावर १४१, जीपीएसवर १३४, हेही ठरवून असतं. गाडीचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला बंदी आहे, जास्त दाखवला तर चालतो. म्हणून कंपन्या थोडा वरच ठेवतात. तेव्हा बीडच्या चिरंजीवांचे १७१ हे १६० समजावेत.

घाईत_बीडकर

सर, तेवढं तरी राहू द्या.

बालाघाटचा_मास्तर

बसल्या जागी जिंकायचं असेल तर दुसरा मार्ग आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तिच्याबरोबर आपणही. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १६७०. आपण वर सरकलोय, त्यामुळे थोडा कमी. संभाजीनगरला साधारण १५७०. जितकं दक्षिणेला तितका जास्त, म्हणून लातूरला १५८५ च्या आसपास.

लातूरची_लेक

लातूर पॅटर्न!!!

उमरग्याचा_पठ्ठ्या

थांबा थांबा. आमी लातूरच्या बी खाली हाव. उमरग्याचा किती निघूलालाय, सर?

बालाघाटचा_मास्तर

१५९० च्या जवळ.

उमरग्याचा_पठ्ठ्या

झालं. धागा बंद करा. मराठवाड्यात सगळ्यात फास्ट तालुका उमरगा. अन् मी आत्ता बाजेवर पडून हे लिहूलालोय.

वाळूज_शिफ्ट_ए

मग सगळ्यात मागे कोण?

बालाघाटचा_मास्तर

वर अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं सोयगाव. १५६३. उमरग्यापेक्षा २७ ने मागे. सोयगावकरांनी मनाला लावून घेऊ नये. सूर्याभोवती आपण सगळेच ताशी एक लाख सात हजारांनी निघालोय, तिथे तालुका बघत नाहीत. आणि गाडीत बसून म्हणाल तर १९८४ ला राकेश शर्मा आठ दिवसांच्या आसपास ताशी २८,००० ने फिरत होते. मे १९६९ ला अपोलो १० चे तिघे चंद्रावरून परत येताना ३९,८९७ ला पोचले. हे आकडे धाग्यात धरू नका, त्यांनी इथे नोंदणी केलेली नाही.

सेनगाव_एक्सप्रेस

सगळे इंजिनाचंच बोलायलेत. मी शंकरपटात छकडीवर उभा राहिलोय. एकदाच.

मामांची जोडी होती, हिंगोली जिल्ह्यातला पट, बंदी उठल्यानंतरचा, २०२२ च्या सुरुवातीचा. धुरकरी वेगळा असतो, ते येरागबाळ्याचं काम नाही. पण आदल्या दिवशी सरावाला मामा म्हणाले, चढ. छकडी म्हणजे दोन चाकं आणि बूड टेकायला एक काठी, एवढंच. बैल सुटले आणि पहिल्या झटक्याला माझं डोकं मागे, पोट पुढे. चाकाखालची माती तोंडावर. दोन्ही बैलांच्या पाठी माझ्या हाताइतक्या जवळ, खालीवर होताहेत, घामाचा वास. मी ओरडत होतो असं मामा सांगतात, मला आठवत नाही. खिशात मोबाईलवर वेग मोजायचं ॲप चालू ठेवलं होतं. ॲपला वेग सापडेपर्यंत पट संपला होता. नंतर बघितलं तर शून्य.

तर माझा आकडा शून्य. पण वर लिहिलेले १७१ आणि २१२ माझ्यापुढे घेऊन या.

जुना_जालना

हा प्रतिसाद वाचून लुनाची टोपी परत मिळाल्यासारखं वाटलं.

रात्रपाळी_सिस्टर

बरेच दिवस वाचनमात्र होते. अपघात विभागात बारा वर्षं काढली आहेत. मजा घालवायची नाही, फक्त एक निरीक्षण. केसपेपर करताना "स्पीड किती होता?" असं विचारलं की सगळे एकच आकडा सांगतात. चाळीस. बाईक दोन तुकड्यांत आलेली असते, तरी चाळीस. इथे पहिल्यांदा लोक खरे आकडे सांगताना बघतेय, म्हणून लिहिलं.

बीडच्या दादा, १६० ला एका सेकंदात तुम्ही ४४ मीटर पुढे जाता. समोर कुत्रं दिसल्यावर हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. १२० ला ३३ मीटर, ६० ला १७. आणि ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट वेगाला दुप्पट होत नाही, चौपट होतं. पहाटे साडेपाचला रोड मोकळा दिसतो, कारण जे आडवं येणार ते अजून उसात असतं. ऊसतोडीच्या बैलगाड्या पण त्याच वेळी निघतात, मागे लाल दिवा नाही.

घाईत_बीडकर

हो ताई. त्या दिवशी खरंच एक बैलगाडी होती. ते लिहिलं नव्हतं.

टायर_पंक्चर_बदनापूर

आमच्या धंद्याचा विषय निघाला म्हणून. समृद्धी सुरू झाली ११ डिसेंबर २०२२ ला, आधी नागपूर ते शिर्डी. त्यानंतर फुटलेले टायर किती बघितले त्याची गणती नाही. लोक सिमेंटच्या रस्त्याला शिव्या देतात. रस्ता तापतो हे खरं, पण अर्धं दुखणं घरूनच आलेलं असतं. हवा कमी असली की टायर चालताना बाजूने दबतो, परत फुगतो, दबतो, फुगतो. त्यातून आतून तापतो. गावात हे खपून जातं, कारण दहा मिनिटांनी तुम्ही चहाला थांबता. समृद्धीवर तुम्ही दीड-दोन तास १२० ने थांबतच नाही. मग फुटतो.

दोन गोष्टी सांगतो, फुकट. टायरच्या मापाच्या आकड्यांनंतर शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते त्या टायरची वेगाची ताकद. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. ही नव्या टायरची ताकद, बरं का. दुसरं, बाजूवर एका लांबट गोलात चार आकडे. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोटा झालेला टायर सगळ्यांना दिसतो. नक्षी शाबूत आहे पण रबर म्हातारं झालंय, तो दिसत नाही. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन १४१ ने जाऊ नका.

जालनेकर, मेव्हण्याच्या गाडीचे आकडे बघितलेत का?

जुना_जालना

मेव्हण्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. संध्याकाळी बघून सांगतो.

परभणीकर_परदेशी

तोपर्यंत मी पण खाली जाऊन माझे बघून येतो. इथे थंडीचे टायर वेगळे असतात, त्यांचं वय मी कधीच बघितलेलं नाही.

जुना_जालना

बघून आलो. टॉर्च लावून, गुडघ्यावर बसून. शेजारच्यांना वाटलं गाडीखाली मांजर अडकलंय.

पुढचे दोन आणि मागचा उजवा, तिन्ही २०२२ चे. मागचा डावा ३४१६. म्हणजे २०१६ चा चौतिसावा आठवडा. नक्षी मात्र अगदी नवी.

आई त्याच बाजूला बसली होती.

टायर_पंक्चर_बदनापूर

ती स्टेपनी आहे. कधीतरी पंक्चर झाली असणार, डिकीतली काढून लावली आणि परत बदलायची राहिली. दहातल्या चार गाड्यांत हेच निघतं. पळालेली नसते म्हणून नक्षी नवी.

जुना_जालना

विचारलं. "हो दाजी, मागच्या वर्षी देऊळगाव राजाला पंक्चर झाली होती ना." उद्या सकाळी नऊला दोघं तुमच्याकडे येतोय. जुन्या रोडने.